भट्टीवाल्या मॅडम

भट्टीवाल्या मॅडमनी आयुष्यात भाजी चिरायच्या विळीशिवाय दुसरं पातं हातात धरलं नव्हतं, आणि तरी तलवारीवरून त्यांच्याशी वाद घालायची सांगलीत कुणाची टाप नव्हती. "लांब पातं पाहिजे? घ्या की. मनगट कुणाचं लावणार?" एवढं एकच विचारून त्या समोरच्याला गार करायच्या. बोलताना हात मात्र असे हलायचे की समोर ऐरण आहे आणि बाई आताच घाव घालून मोकळ्या झाल्या आहेत.

ऐरण नव्हती. समोर संगणक होता. नव्वद सालानंतर सांगलीत गल्लोगल्ली संगणकाचे क्लास निघाले, त्यातल्या एका क्लासात मॅडम शिकवायच्या. दवाखान्याच्या वरचा मजला, खिडक्यांना जाड पडदे, आणि देवळात शिरावं तसं चपला बाहेर काढून आत जायचं. मॅडमची शिकवणी संपली आणि एखादं यंत्र मोकळं असलं की त्या स्वतःचं काम काढायच्या. त्या एक खेळ लिहीत होत्या. एकट्या, कुणी न सांगता, वर्षानुवर्षं.

खेळ असा होता. नऊ खोऱ्यांचं एक राज्य. त्यात दलदल, उलटे वाहणारे ओढे, बोलणारे कोल्हे, आणि प्रत्येक खोऱ्यात ठाण मांडून बसलेला एकेक राक्षस. खेळणाऱ्याला त्यात रिकाम्या हातानं सोडलेलं असायचं. तयार हत्यार कुठंही मिळायचं नाही. आधी भट्टीवर जायचं. लोखंड कुठल्या खोऱ्यातलं, कोळसा कुठल्या लाकडाचा, पातं सरळ की बाकदार, मूठ शिंगाची की चामड्याची, आणि लाल झालेलं पातं कुठल्या पाण्यात बुडवायचं, हे सगळं तुम्ही ठरवायचं. तेच लोखंड ओढ्याच्या पाण्यात एक व्हायचं आणि खाऱ्या पाण्यात दुसरंच. क्लासातल्या दोन पोरांचं हत्यार कधी सारखं निघालं नाही. राक्षस राहिले बाजूला, पोरं त्या भट्टीवरच रेंगाळायची. म्हणून त्या भट्टीवाल्या मॅडम.

या नावानं एकदा घोटाळा केला. कुपवाडच्या कारखान्यातले एक पालक दुचाकीवरून तरातरा आले आणि दारातच उभे राहिले. "पोरगं रोज घरी येऊन सांगतंय, मॅडमची भट्टी लय भारी हाय म्हणून. म्हटलं बघून तरी यावं, हितं क्लास हाय का दुसरंच काय चालतंय." मॅडम हसून हसून खुर्चीवरून पडायच्या बेतात आल्या. मग त्यांनी त्या गृहस्थांना बसवून एक भाला करायला लावला. गृहस्थ घरी जायचं विसरले.

मी तिथं पत्रकं छापायला जायचो. माधवनगरची एक गिरणी बंद पडली होती, कामगार फाटकाबाहेर बसले होते, आणि मी त्यांच्या संघटनेची पत्रकं लिहीत होतो. वय तसंच होतं. दर ओळीला उद्गारचिन्ह. मॅडम माझा मजकूर यंत्रावर उतरवून द्यायच्या आणि उतरवता उतरवता खोड्या काढायच्या. "काय पत्रकराव, आज कुणाचा धिक्कार?"

एकदा मी त्यांच्या खेळात गदा केली. सगळ्यात जड लोखंड घेतलं, वर काटे लावले, काट्यांना विष लावलं, मूठ दुप्पट लांब केली. पहिल्या पुलावर माझा गडी ती गदा उचलू शकला नाही आणि एक सरड्याएवढं जनावर येऊन त्याला खाऊन गेलं. मॅडम म्हणाल्या, "तुमच्या पत्रकासारखं झालं बघा. सगळ्या मागण्या एकाच वाक्यात. कोण उचलणार?" मला राग आला. पण पुढचं पत्रक मी एकाच मागणीचं लिहिलं, आणि लोकांनी ते फाटकावर मोठ्यानं वाचून दाखवलं. आजही तसंच लिहितो.

त्यांचा नियमच होता: फुकटची धार नाही. धार वाढवली की पातं ठिसूळ झालं पाहिजे. लांबी वाढवली की हात दमला पाहिजे. पोरं विचारायची, "मॅडम, सगळ्यात भारी तलवार कुठली, तेवढं सांगा की." त्या म्हणायच्या, "सगळ्यात भारी तलवार असती तर मी खेळ कशाला लिहिला असता? तीच देऊन टाकली असती." हे सुचलं कुठून, असं मी विचारलं तेव्हा त्यांनी साताऱ्याच्या मामांचं नाव घेतलं. मामा फौजेतून निवृत्त होऊन साताऱ्याला राहायचे. लहानपणी ते भाचीला सांगायचे की दुसऱ्याची बंदूक उचलली तर आधी खांद्याला कळतं, मग डोक्याला. "एवढ्या एका वाक्यावर मी सगळं राज्य उभं केलंय," मॅडम म्हणायच्या.

एक सद्गृहस्थ मात्र खवळले होते. भाषणं वगैरे करणारे. म्हणाले, "साताऱ्याची भाची तुम्ही, आणि खोट्या राज्याच्या खोट्या तलवारी करता? आपला खरा इतिहास काय कमी आहे?" मॅडमनी चहाचा कप त्यांच्यासमोर ठेवला. "खऱ्या तलवारीवरून भांडायला पुष्कळ लोक आहेत, काका. माझ्या राज्यात अजून कुणाचा पुतळा नाही. तिथं जरा शांतपणे लोखंड तापवू द्या." काका चहा न घेता गेले. तो मी घेतला.

आता क्लासच्या मालकांविषयी. खेळ म्हणजे टवाळी, असं त्यांचं पक्कं मत होतं. पालकांनी बघितलं तर बोभाटा होईल, आणि संगणकात कसला तरी रोग शिरेल, ही भीती. दर शनिवारी ते सगळी यंत्रं पुसून कोरी करायचे. छपाईचा कागद मोजून द्यायचे. त्यामुळे मॅडमचं सगळं राज्य फ्लॉप्यांवर राहायचं. ज्यांनी त्या बघितल्या नाहीत त्यांच्यासाठी सांगतो: काळी, चौकोनी, वहीच्या पुठ्ठ्यासारखी लवचीक वस्तू. आत एक गोल चकती, सगळं लिखाण तिच्यावरच साठवलेलं. चौकोनाला एक उघडी खिडकी असते, तिच्यातून ती चकती दिसते, आणि त्या खिडकीला बोट लावायचं नसतं. मॅडमकडे खेळाच्या दोन प्रती होत्या आणि दोन्ही एकाच स्टीलच्या डब्यात होत्या, कारण घरात ओल न लागणारा तो एकच डबा होता. ज्या गावात पोरानं हॉटेल काढायचं म्हटलं तर चार माणसं पाठीशी उभी राहतात, त्या गावात या बाईच्या वर्षानुवर्षांच्या कामाला कुणी यंत्राच्या पोटात टीचभर जागा दिली नाही. हे मी तेव्हाही बोललो होतो, आताही बोलतो.

घरी मॅडम आणि त्यांचे वडील, दोघंच. आई लहानपणीच गेलेली. वडिलांना सगळे आण्णा म्हणायचे. आण्णा त्याच बंद पडलेल्या गिरणीत फिटर होते, म्हणून माझी ओळख दोन्हीकडून. यंत्राचा आवाज ऐकून कुठला भाग कोरडा पडलाय ते सांगायचे, असं त्यांचे जोडीदार म्हणत. गिरणी बंद झाली आणि आण्णांनी आपली हत्यारं, पान्हे, कानशी, सगळं गोणपाटात बांधून माळ्यावर टाकलं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, हत्यारांची पूजा असते. फाटक बंद झाल्यापासून आण्णांनी ती पूजाही सोडली. "कशाची पूजा करू? गंजाची?"

लेकीच्या खेळाविषयी आण्णांचं म्हणणं साधं होतं. "तलवारी करतीया म्हनं. पडद्यावर. त्यानं भाकरी कापती का बघ." मॅडम हसायच्या, पण ते त्यांना लागायचं. एकदा म्हणाल्या, "पत्रकराव, मला शाबासकी नको. त्यांनी याला काम म्हणावं, बस्स."

मग पुण्याहून बोलावणं आलं. पडद्यावरचे खेळ करायला निघालेले काही लोक होते, त्यांना मॅडमनी लिहिलं होतं. त्यांनी कळवलं, खेळ घेऊन या, चालवून दाखवा, पसंत पडला तर इथंच कामाला लागा. दसरा झाल्यावर जायचं ठरलं. त्याच सुमाराला कोयनानगरचं एक स्थळ सांगून आलं होतं. आण्णांनी लेकीशी सरळ बोलणी केली, आणि तो माणूस शब्दाचा पक्का होता. "पुण्याचं जमलं तर तुझं तू बघ, मी मधी येत न्हाई. न्हाई जमलं, तर दिवाळीनंतर कोयनेचं. मग कुरकुर करायची न्हाई." मॅडम म्हणाल्या, "व्हय." इतका भरवसा होता त्यांना त्या डब्यावर.

खंडेनवमीला सकाळी क्लासच्या मालकांनी सगळ्यांना पूजेला बोलावलं. संगणकांना प्लॅस्टिकची खोळ घालून तिच्यावर हळदीकुंकू, झेंडूच्या माळा, बाहेर चपलांचा ढीग. पूजा झाल्यावर मी मॅडमबरोबर माधवनगरला निघालो. फाटकावरच्या सभेचं पत्रक आण्णांना द्यायचं होतं. मॅडमनी वाटेत दाराच्या तोरणासाठी झेंडू घेतला. त्या दिवशी त्या फार बोलत होत्या. पुण्याला गेल्यावर आधी कुठलं हत्यार करून दाखवायचं, यावरच बोलत होत्या.

दार उघडं होतं. आत पाट मांडला होता, भोवती रांगोळी. आण्णा धुतलेला सदरा घालून बसले होते. माळ्यावरचं गोणपाट खाली आलं होतं. पान्हे, कानशी, हातोडी, सगळं पुसून लखलखीत. आणि त्या सगळ्याच्या वरच्या ओळीत, मधोमध, मॅडमच्या फ्लॉप्या. एकीशेजारी एक. प्रत्येकीच्या उघड्या खिडकीत हळदीचं बोट, त्याच्यावर कुंकवाचं बोट, वर अक्षता. काळ्यावर पाण्याचे थेंब चमकत होते.

"ये बाई," आण्णा म्हणाले. फाटक बंद झाल्यापासून त्यांचा असा आवाज मी ऐकला नव्हता. "नमस्कार कर. औंदा तुझी हत्यारं वर मांडल्यात, माझी खाली. आता पुन्याला जायाची, तर तशीच कशी धाडू?"

आणि मग त्यांनी आपली खरी काळजी सांगितली. फिटरची काळजी. "आतली चकती लय कोरडी हाय गं. बोटानं फिरवून बघितली, तर नुसती घासतीया. कवा तेल दिलंतंस का न्हाई? शिलाई मशीनचं तेल हुतं, एकेकीला बोटभर फिरवलं, मगच गंध लावलं. आता कशी सुळसुळ फिरत्यात बघ."

मी तोंड उघडलं. मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मी अनेक पोलीस अंमलदार बघितलेत, मालकांचे वकील बघितलेत. मला गप्प करणारी नजर तेवढी एकच. त्यांनी हातातला झेंडू पाटाजवळ ठेवला, पदर सारखा केला आणि गुडघे टेकून नमस्कार केला. आधी हत्यारांना, मग आण्णांना. आण्णांनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. तेलाचा हात. "तुझं बी काम कामच हाय की बाई," ते म्हणाले. "आमाला कळाया येळ लागला, एवढंच."

दसऱ्याला लोक सोनं लुटत होते आणि मॅडम क्लासात बसून कापसाच्या बोळ्यानं फ्लॉप्या पुसत होत्या. तेल पसरलेलं, त्यात हळद कालवलेली. एक घातली. यंत्र कुरकुरलं, करवतीसारखा आवाज आला, आणि थांबलं. दुसऱ्या यंत्रात दुसरी घातली. तेच. मालक धावत आले, यंत्र उघडून बघितलं आणि ओरडले, "हळद? मॅडम, यात हळद? स्वयंपाकघर समजलात काय?" त्या दिवसापासून शिकवणीपलीकडे मॅडमनी यंत्राला हात लावायचा नाही, असा हुकूम निघाला. म्हणजे पुन्हा लिहून काढायची वाटही बंद.

मी पेटलो होतो. म्हटलं, आण्णांना सांगा. माणसाला आपली चूक कळली पाहिजे, आम्ही तर अंधश्रद्धेवर पत्रकं काढतो. मॅडम शांतपणे म्हणाल्या, "कसली अंधश्रद्धा? ते फिटर आहेत. कोरडं दिसलं, तेल दिलं. प्रेमाचं म्हणून गंध लावलं." त्यांनी दोन्ही फ्लॉप्या पुन्हा डब्यात ठेवल्या. नंतर म्हणाल्या, "गिरणी बुडाली त्यात त्यांची काही चूक नव्हती, तरी रोज शोधत बसतात. माझं काय चुकलं, माझं काय चुकलं. आता त्यांना एक खरी चूक सापडेल. तीच धरून बसतील मरेपर्यंत. तुम्ही एक शब्द बोलायचा नाही, पत्रकराव. पत्रकातसुद्धा नाही."

त्या पुण्याला गेल्या. रिकाम्या हातानं गेल्या. तिथल्या लोकांना त्यांनी नऊ खोरी तोंडी सांगितली, लोखंड सांगितलं, पाणी सांगितलं. ऐकणारे सभ्य होते. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण दाखवायला काय आणलंय?" घरी येऊन मॅडमनी आण्णांना सांगितलं, खेळ पसंत पडला नाही. आण्णा त्या दिवशी जेवले नाहीत, असं शेजारी म्हणाले.

दिवाळीनंतर लग्न झालं. तांदळात अंगठीनं नवं नाव लिहिलं, ते टाळ्यांच्या गजरात सगळ्यांना सांगितलं. नवरा कोयनेच्या प्रकल्पात नोकरीला, वसाहतीत क्वार्टर. वाईट माणूस नाही, हीच पंचाईत. वाईट असता तर बायामाणसं घेऊन दारात बसलो असतो. कुणावर ओरडायचं? मालक म्हणेल, मी नियम पाळला. पुण्याचे म्हणतील, आम्ही विचारलं होतं. नवऱ्याला तर काही ठाऊकच नाही. अशी माणसं बुडतात तेव्हा सगळ्यांचेच हात कोरडे असतात, आणि मला याचाच संताप येतो. फाटकाबाहेर निदान ओरडायला फाटक तरी असतं.

हे मी आता लिहितो आहे कारण गेल्या पावसाळ्यात आण्णा गेले. मॅडमना विचारलं, लिहू का? म्हणाल्या, "लिहा. नाव नको." कुठलं नको, जुनं की नवं, ते मी विचारलं नाही.

पण आण्णा असताना एकदा मी कोयनानगरला गेलो होतो. कराडहून एसटीनं, पाटणच्या पुढं घाटातली वळणं घेत. संघटनेला कुणीतरी जुना संगणक दिला होता. माझ्या डोक्यात बेत होता: तो उचलून मॅडमच्या क्वार्टरमध्ये आणून ठेवायचा, आणि खेळ पुन्हा लिहून घ्यायचा. आण्णा तेव्हा लेकीकडेच राहायला आले होते. ते बाहेर अंगणात कुणाची तरी सायकल दुरुस्त करत बसले होते. मी स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून हळू आवाजात मॅडमना बेत सांगितला.

मॅडम कणीक मळत होत्या. म्हणाल्या, "एकदा घेतलं होतं लिहायला. वहीतच. भट्टी लिहिली, लोखंड लिहिलं. मूठ लिहायला घेतली आणि थांबले."

"का?"

"कुणाच्या हातात द्यायचं ते दिसेना. आधी दिसायचं हो. एकेकाचा हात दिसायचा. आता सगळेच हात सारखे वाटतात. मग हत्यारं पण सारखीच. तसा खेळ बाजारात मिळतो, माझा कशाला?"

मी वाद घालणार होतो. तेवढ्यात फळीवरची भांडी किणकिणली, जमीन पायाखालून हलकेच सरकल्यासारखी झाली. तिथं हे नेहमीचंच. मॅडमनी कणकेतला हात न काढता कोपरानं पिठाचा डबा आत सरकवला. धक्का थांबला. आण्णा हात पुसत आत आले, मला बघून खूश झाले, फाटकाची, जोडीदारांची चौकशी केली. मग लेकीकडे बघत, तिला बरं वाटावं म्हणून, म्हणाले, "हिचा खेळ पुन्यावाल्यांनी न्हाई घेतला, त्याचं मला अजून वाईट वाटतंय बघा. पर एवढी शिकल्याली मानसं, उगं न्हाई म्हनायची न्हाईत. हत्यारातच काय तरी कमी ऱ्हायलं आसंल."

मी मॅडमकडे बघितलं. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या.

"व्हय आण्णा," त्या म्हणाल्या, "माझंच कमी पडलं. बसा, च्या टाकते."